शहाचा चेक

नोकरीची चौतीस वर्षं मी चेकच्या सहवासात काढली. १९८१ साली मुंबईतल्या एका बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि त्यातला मोठा काळ क्लिअरिंगलाच होते. आमच्या शाखेवर काढलेले चेक गठ्ठ्यांनी यायचे. गठ्ठा सोडायचा, एकेका चेकवरची तारीख बघायची, अंकी रक्कम अक्षरी रकमेशी जुळते का ते बघायचं, खाडाखोड शोधायची, सही नमुना कार्डाशी ताडायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटांना शाई आणि रबराचा वास लागलेला असे. चेक चेक करणं, असंच आम्ही म्हणायचो. एकाच वाक्यात तो शब्द दोनदा, दोन वेगळ्या अर्थांनी येतो, हे तेव्हा कधी जाणवलं नाही.

निवृत्तीनंतर सांगलीचं घर आवरत होते. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कपाटात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं पुनर्मुद्रण सापडलं. १८५७ ची दुसरी आवृत्ती, तिचंच. अण्णा शाळेत गणित शिकवत, पण त्यांना कोश वाचायची सवय होती. 'शह' या शब्दापाशी त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. शब्द फारसी असल्याची नोंद आणि पुढे इंग्रजी अर्थ: बुद्धिबळातला चेक. मी तिथेच जमिनीवर बसले. मोल्सवर्थसाहेबाने एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेतल्या शब्दाने समजावून दिला होता. पण ते दोन शब्द नव्हतेच. एकच शब्द दोन रस्त्यांनी फिरून त्या पानावर पुन्हा भेटला होता.

फारसीत शाह म्हणजे राजा. चतुरंग हा खेळ आपल्या देशातून इराणात गेला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. इराण्यांनी त्याचं चतरंग केलं. हिंदुस्थानच्या राजाने हा खेळ कोडं म्हणून इराणचा बादशहा खुश्रू अनुशिरवान याच्या दरबारी पाठवला आणि बादशहाचा वजीर बुजुर्गमिहर याने ते सोडवलं, ही गोष्ट फिरदौसीच्या शाहनाम्यात आहे. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि खेळ त्यांच्या हाती आला. अरबीत च नाही, ग नाही, त्यामुळे चतरंगचं शतरंज झालं. पण राजावर हल्ला झाला की खेळाडू म्हणायचा तो फारसी शब्द मात्र जसाच्या तसा राहिला: शाह! राजा, सांभाळ!

अरबांकडून खेळ स्पेन-इटलीमार्गे युरोपात शिरला. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्न मठात त्यावर लॅटिन पद्य लिहिलं गेलं होतं. लॅटिन लिहिणाऱ्यांच्या वर्णमालेत श नव्हता, म्हणून शाहचा 'स्काकुस' झाला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'एशेक' झाला, आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक' केला. त्याच एशेकचं अनेकवचन 'एशेक्स', आणि त्यापासून 'चेस'. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नावच मुळात 'राजे' असं आहे. जर्मनांचा 'शाख' आपल्या शहाच्या जास्त जवळ राहिला.

खेळ आपल्याकडून गेला आणि शब्द तिकडून परत आले. शह, मात, वजीर, प्यादं हे सगळे फारसीच्या हाताने मराठीत आले आणि इथे असे रुळले की बुद्धिबळाचा पट कधी न पाहिलेला माणूसही राजकारणातल्या शह-काटशहाबद्दल बोलतो. 'मात' या शब्दाची मात्र वाटेत थोडी ओढाताण झाली. फारसीत त्याचा अर्थ निरुपाय झालेला, कोंडलेला. अरबी कानांना तो 'मेला' असा ऐकू आला, आणि शाहमात म्हणजे राजा मेला हा अर्थ युरोपभर पसरला. खेळाचा नियम पाहिला तर फारसी अर्थच बरोबर ठरतो. पटावर राजा मरत नाही. त्याला जायला जागा उरत नाही, इतकंच.

अण्णा हे फार कळकळीने सांगत. आमची सांगली बुद्धिबळाची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावात पटाभोवती पोरं बसवली, आणि आमच्या वाड्याच्या ओसरीवरही संध्याकाळी एक डाव चालू असेच. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा अण्णांच्या राजावर घोडा आणून ठेवला आणि गप्प बसले, त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून. त्यांनी पाहिलं, पट तसाच ठेवला आणि म्हणाले, "माई, शह दिलास तर मोठ्याने म्हण. राजाला न सांगता कोंडायचं नसतं." स्पर्धेच्या आजच्या नियमांत शह बोलून दाखवावाच लागतो असं नाही. पण अण्णा आयुष्यभर म्हणत राहिले, आणि समोरच्याने म्हणण्याची वाटही पाहत राहिले. ते जुन्या देशी नियमांचेही जाणकार होते. त्या नियमांत राजाला डावात एकदाच घोड्याची चाल खेळायची मुभा असे. पण एकदा का राजाला शह लागला, की ती मुभा संपली. शहाने राजा मरत नाही, पण त्याचं काहीतरी कायमचं जातं, हे मला त्या नियमातून कळलं.

अण्णांची आणखी एक आवडती गोष्ट होती, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तैमूर बुद्धिबळाचा वेडा होता. एकाच खेळीत शाह आणि रुख, म्हणजे राजा आणि आपला हत्ती, दोघांवरही त्याने हल्ला केला, आणि त्याच क्षणी मुलगा झाल्याची बातमी आली. मुलाचं नाव त्याने शाहरुख ठेवलं. तैमूरचं चरित्र लिहिणाऱ्या इब्न अरबशाहने ही हकिगत नोंदवली आहे. वाड्यात शाहरुख खानचा सिनेमा लागला की अण्णा ती नातवंडांना पुन्हा सांगत.

आता इंग्रजीकडे. शह लागला की राजाला पुढचा बेत सोडून आधी स्वतःला वाचवावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अचानक बसलेला अटकाव. अटकावावरून लगाम, लगामावरून नियंत्रण, नियंत्रणावरून तपासणी, तपासल्याची खूण, आणि खूण म्हणून दिलेला बिल्ला किंवा कागद. मराठीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. आळा घालतो तो एक, अंकुश ठेवतो तो दुसरा, हिशेबाचा ताळा करतो तो तिसरा आणि ऐकीव गोष्टीचा पडताळा पाहतो तो चौथा. अंकुश हत्तीच्या माहुताकडून आला, लगाम घोडेस्वाराकडून, आणि प्रत्येक शब्दाला आपापल्या धंद्याचा वास आहे. इंग्रजांनी हे सगळं एका राजाच्या अडचणीत बसवलं. मराठीची श्रीमंती मला जास्त आवडते, पण एकाच धाग्यात इतकं ओवलेलं पाहून नवल वाटतं हेही खरं.

पण माझ्या पेशाशी या शब्दाची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे एक टेबल.

इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या काळात, १११० च्या सुमारास, राजाच्या महसुलाचा हिशेब घेणाऱ्या कचेरीचा उल्लेख पहिल्यांदा येतो. तिचं लॅटिन नाव 'स्काकारियुम', म्हणजे बुद्धिबळाचा पट. फ्रेंच वळणाने 'एशेकिए' आणि इंग्रजीत 'एक्सचेकर'. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. म्हणजे पटाचा कारभारी! ही कचेरी कशी चाले ते आपल्याला तपशिलाने माहीत आहे, कारण तिथल्याच खजिनदाराने ते लिहून ठेवलं. रिचर्ड फिट्झनील त्याचं नाव. ११७७ च्या सुमारास त्याने गुरु-शिष्य संवादाच्या रूपात 'डायलॉगस दे स्काकारिओ' हा ग्रंथ लिहायला घेतला. थेम्स नदीकाठी बुरुजाच्या खिडकीत बसलेलो असताना शिष्याने विचारलं, असं म्हणून तो सुरू करतो.

टेबल दहा फूट लांब, पाच फूट रुंद. नाणी खाली घरंगळू नयेत म्हणून भोवती चार बोटं उंच कड. वर दरवर्षी ईस्टरच्या सुमारास विकत घेतलेलं कापड अंथरायचं. ते काळं, आणि त्यावर वीत-फुटाच्या अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांना किंमत ठरलेली. उजवीकडून पहिला रकाना पेन्सचा, मग शिलिंगचा, पौंडाचा, वीस पौंडांचा, शंभराचा, हजाराचा, दहा हजारांचा. रोमन आकड्यांत शून्य नसतं आणि त्यांनी बेरीज-वजाबाकी करणं किती जिकिरीचं, ते अण्णांसारख्या गणिताच्या मास्तरांना विचारावं. पण रकान्यात सोंगट्या मांडल्या की स्थानाची किंमत आपोआप मिळते आणि शून्य म्हणजे नुसता रिकामा रकाना. टेबलाच्या एका बाजूला राजाचे लोक, दुसऱ्या बाजूला शेरीफ. हा शेरीफ म्हणजे परगण्यातून राजाचा वसूल गोळा करणारा अंमलदार, आपल्या पेशवाईतल्या कमाविसदारासारखा. त्याने किती द्यायचं ते वर मांडायचं, त्याने किती भरलं ते खाली मांडायचं, आणि सोंगट्या उचलत जायचं. लिहिता-वाचता न येणारा शेरीफही डोळ्यांनी पाहू शकत होता, कोणती सोंगटी उचलली आणि किती उरल्या.

शिष्य विचारतो, या कचेरीला पटाचं नाव का? गुरू सांगतो की टेबल पटासारखं दिसतं म्हणून, आणि पुढे म्हणतो की इथेही दोघांची लढाई असते, खजिनदार आणि शेरीफ यांची, बाकीचे पंच होऊन बघत बसतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली. खेळणारे दोघे आणि कंदिलाच्या उजेडात वाकलेली दहा डोकी. हिशेब बंद खोलीत नव्हता, पटावर उघडा होता. शह मोठ्याने म्हटला जात होता.

भरलेल्या पैशांची पावती काय, तर काठी. हेझलच्या झाडाची फांदी घ्यायची आणि तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. दोन्ही फाकांवर सारख्या खाचा. मोठी फाक 'स्टॉक', लहान 'फॉइल'. एक इकडे, एक तिकडे. पुढच्या खेपेला दोन्ही फाका जोडून पाहायच्या. कोणी गुपचूप एक खाच वाढवली तर ती दुसरीकडे नसणार. सही ताडण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला ही युक्ती पाहून हात जोडावेसे वाटतात. या काठ्या १८२६ पर्यंत चालल्या. साठलेला ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतला, आग भडकली आणि पार्लमेंटची जुनी इमारत जळून गेली.

काठी गेली, फाकेची कल्पना राहिली. लंडनमधली एक हस्तलिखित चिठ्ठी १६५९ सालच्या १६ फेब्रुवारीची आहे. क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर काढलेली, चारशे पौंडांची. पण तिला तेव्हा कोणी चेक म्हणत नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द पेढ्यांत आला, तो पैसे द्यायच्या कागदासाठी नाही. तो आला त्या कागदाच्या मागे राहणाऱ्या अर्ध्या भागासाठी, आपण ज्याला काउंटरफॉइल किंवा स्थळप्रत म्हणतो त्यासाठी. कारण फसवणुकीला आळा घालणारा, ताळा पाहण्याचा भाग तोच. हळूहळू नाव मागच्या तुकड्यावरून सरकून पुढच्या कागदाला चिकटलं. त्याचं इंग्रजी स्पेलिंग आपण क्यूने लिहितो. ते जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने १८२८ च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडलं. त्याचं म्हणणं असं की या स्पेलिंगमुळे अर्थाचा घोटाळा होत नाही आणि एक्सचेकरशी मेळही बसतो. अमेरिकन अजून जुन्याच स्पेलिंगने लिहितात.

आपल्याकडे तेव्हा हुंडी होती, आणि तिच्यात मुंबईच्या बाजारात चालणारी शहाजोग हुंडी माझ्या विशेष जिव्हाळ्याची. ती कोणाही आगंतुकाला वटवता येत नसे. बाजारात पत असलेल्या शहामार्फतच पैसे मिळत. हुंडी खोटी निघाली तर त्या शहाला गाठता येई. चेकवर दोन आडव्या-तिरप्या रेघा मारून आपण तो क्रॉस करतो, म्हणजे पैसे बँकेमार्फतच जावेत, ती सोय आमच्या सावकारांनी आपल्या पद्धतीने आधीच केली होती. हा शहा मात्र फारसी नव्हे. तो संस्कृत साधूचा साहू होऊन आला, आपल्या साव शब्दाचा सख्खा. कानाला सारखे लागले तरी ते दोन शहा वेगळे. १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट झाला आणि चेकला आपल्या कायद्यात पक्की जागा मिळाली. मी नोकरीला लागले तेव्हा त्या कायद्याला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

तेव्हा कॅश घ्यायला आलेला माणूस काउंटरवर चेक देई आणि आम्ही त्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला देत असू. आम्ही त्याला टोकन म्हणायचो. इंग्रजीत अशा बिल्ल्यालाही चेक म्हणतात. म्हणजे रोज आम्ही चेकच्या बदल्यात चेकच देत होतो, हे आता कळतं. पुढे कॉम्प्युटर आले आणि 'मेकर' व 'चेकर' अशी जोडी आली. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तो पाहून पुढे सोडायचा. काठीच्या दोन फाका आता दोन माणसं झाल्या होत्या.

माझ्या पहिल्या शाखेत एक पासिंग ऑफिसर होते. खात्यात पैसे कमी पडून चेक परत करायची वेळ आली की ते आधी फोन उचलत. "अमुक यांचा चेक आला आहे. साडेतीनशे कमी आहेत. अकरापर्यंत भरता का?" बाजारपेठेतले दुकानदार धावत येत, कधी घामाने भिजलेल्या नोटा घेऊन. असा फोन करा असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. परतीचा मेमो म्हणजे दुकानदाराची पत गेली, हे त्यांना ठाऊक होतं. १९८९ च्या १ एप्रिलपासून पैशाअभावी चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला, तेव्हा तर त्यांचे फोन वाढलेच. मला त्यांच्या आवाजात अण्णा ऐकू येत. पुढे दुसऱ्या एका शाखेत मी तशीच फोन करू लागले तेव्हा, हे आपलं काम नाही, वेळ घालवू नका, असं मला सांगण्यात आलं. मी जेवणाच्या सुट्टीत करत राहिले.

२०१३ साली मुंबईत चेक ट्रंकेशन आलं. कागद पहिल्या बँकेतच थांबू लागला आणि पुढे त्याचं नुसतं चित्र येऊ लागलं. सही पडद्यावर ताडायची. कागदावर पेन किती दाबलंय ते बोटांना कळायचं, ते आता कळेना. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले.

मी मुलुंडला राहते. एलबीएस रोडवरून ठाण्याकडे निघालं की मुंबईची हद्द संपते तिथे चेकनाका. जकातीसाठी तिथे ट्रकच्या रांगा लागायच्या. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, रांगा गेल्या. बसस्टॉपचं नाव तेच आहे. कंडक्टर "चेकनाका, चेकनाका" असं पुकारतो तेव्हा मला वाटतं, इराणातून निघालेला राजा कुठे येऊन उभा राहिलाय! माझ्या आईच्या पेटीत एक चौकडीचं लुगडं आहे. दुकानात आता तसल्या कापडाला चेक्स म्हणतात, तेही त्याच पटाच्या घरांवरून.

चेक हा परका शब्द, धनादेश म्हणा, असा आग्रह मी कित्येक सभांत ऐकला आहे. धनादेश चांगला शब्द आहे, मी तो अर्जांत लिहिते. पण चेकला कोणी परका म्हटलं की मला अण्णांच्या कोशातली पेन्सिलीची खूण दिसते.

अण्णांच्या टेबलाच्या खणात जुन्या चेकबुकांचे बुडखे निघाले. पानं फाडून गेलेली, काउंटरफॉइलं शिल्लक. तारीख, नाव, रक्कम, उरलेली शिल्लक, सगळं निळ्या शाईत. ते आधी काउंटरफॉइल भरत, ते वाळू देत आणि मगच चेक लिहायला घेत. लहानपणी मला वाटे, उलटं करतायत, महत्त्वाचं आधी लिहावं. मूळचा चेक कोणता, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आताच्या चेकबुकाला पानागणिक काउंटरफॉइल नसतं, सुरुवातीला नोंदीचं एक पान असतं. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक मी अजून हातानेच लिहिते. आधी ते नोंदीचं पान उघडते, तारीख घालते, आणि शाई वाळेपर्यंत थांबते.